‘पेनिसिलिन चालत नाही’ एवढ्यावर भागत नाही

केसपेपरच्या कोपऱ्यात लाल शाईने ‘पेनिसिलिन अ‍ॅलर्जी’ लिहिलेलं असतं आणि माहिती तिथेच संपते. कोणतं पेनिसिलिन, कधी, कितव्या डोसनंतर, नेमकं काय झालं, कशाने बरं वाटलं, यातलं काहीच नसतं. पुढचा प्रत्येक डॉक्टर ते दोन शब्द वाचतो आणि निमूटपणे दुसरं औषध लिहितो. हे लेबल एकदा लागलं की आयुष्यभर चिकटतं, कारण ते लावायला कुणीही चालतो, पण काढायचं काम कुणाचंच नसतं.

ज्या देशांत अशा नोंदी नीट ठेवल्या जातात, तिथे दर १० रुग्णांमागे साधारण एकाच्या नावापुढे हे लेबल सापडतं. त्यांची पद्धतशीर तपासणी केली, तर ९० टक्क्यांहून अधिक लोकांना पेनिसिलिन बिनधोक देता येतं. म्हणजे बहुतेक लेबलं निराधार आहेत, आणि त्यांची किंमत रुग्ण मोजतो. पेनिसिलिन आणि त्याच्या भावंडांऐवजी व्हँकोमायसिन, क्लिंडामायसिन, क्विनोलोन वापरावी लागतात. साध्या, मेथिसिलिनला दाद देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचा रक्तातला संसर्ग बीटा-लॅक्टम औषधांनी (पेनिसिलिन आणि त्याची भावंडं) जितका चांगला आटोक्यात येतो, तितका व्हँकोमायसिनने येत नाही. ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवरून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हे लेबल असलेल्यांना एमआरएसएच्या (मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसच्या) संसर्गाचा धोका ६९ टक्क्यांनी आणि जुलाब घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसील या जंतूचा २६ टक्क्यांनी जास्त आढळला. शस्त्रक्रियेच्या जखमेतला संसर्गही या रुग्णांत वाढतो, कारण त्यांना शस्त्रक्रियेआधी दिलं जाणारं सेफाझोलिन हे प्रतिजैविक नाकारलं जातं.

लेबल खोटं ठरण्याची कारणं दोन: मुळात अ‍ॅलर्जी नव्हतीच, किंवा होती आणि ओसरली. आयजीई या झटपट प्रतिक्रिया घडवणाऱ्या प्रतिपिंडांमुळे होणारी खरी अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांची ५ वर्षांत आणि सुमारे ८० टक्क्यांची १० वर्षांत नाहीशी होते, अट एवढीच की मधल्या काळात पेनिसिलिन दिलेलं नसावं. त्यामुळे ‘वीस वर्षांपूर्वी रिअ‍ॅक्शन आली होती’ हे ऐकून नुसतं घाबरण्यात अर्थ नाही. ती वीस वर्षं हाच निदानातला मोठा धागा असतो.

मुळात अ‍ॅलर्जी नसलेल्यांची यादी लांबलचक आहे. तापाच्या मुलाला अमॉक्सिसिलिनचं सिरप दिलं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी अंगभर लालसर पुरळ आलं, ही सगळ्यात नेहमीची हकिगत. यातलं बरंचसं पुरळ मूळच्या विषाणूचंच असतं. औषध त्या वेळी चालू असतं, इतकाच त्याचा दोष. एप्स्टाइन-बार विषाणूच्या तापात अ‍ॅम्पिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन दिलं तर पुरळ फार वेळा उमटतं, आणि आजार सरल्यावर तेच औषध बहुतेकांना पुन्हा सोसतं. जुलाब, मळमळ, डोकेदुखी, तोंडात किंवा जांघेत आलेली बुरशी हे औषधाचे त्रास आहेत, अ‍ॅलर्जी नव्हे. सिफिलिसच्या रुग्णाला पेनिसिलिन दिल्यावर २४ तासांच्या आत थंडी वाजून ताप येतो, अंग ठणकतं, असलेले चट्टे आणखी लाल होतात. ही जंतू मरताना उठणारी यारिश-हर्क्सहायमर प्रतिक्रिया. हिच्यापायी पेनिसिलिन बंद करणं म्हणजे त्या रुग्णाचा उत्तम उपचार हातातून घालवणं.

इंजेक्शनांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. बेंझाथिन पेनिसिलिनची सुई दुखते. दुखण्याने किंवा भीतीने रुग्ण चक्कर येऊन पडतो, आणि ‘रिअ‍ॅक्शन आली’ अशी नोंद होते. अशा वेळी नाडी मोजून लिहिलेली असेल तर नंतर उलगडा होतो. भोवळ आलेल्याची नाडी मंद असते, चेहरा पांढराफटक आणि घामेजलेला असतो, आडवं करून पाय वर उचलले की मिनिटांत तो सावरतो. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये (सर्वांगाला घेरणाऱ्या जीवघेण्या अ‍ॅलर्जीत) बहुतेक वेळा नाडी धावत असते, अंग लाल होतं, गांधी उठतात, घरघर लागते. प्रोकेन पेनिसिलिन चुकून शिरेत गेलं तर रुग्णाला एकाएकी मरणाची भीती वाटते, भास होतात, तो आरडाओरडा करतो. थोड्या वेळात सगळं शांत होतं. हा होइन्ये सिंड्रोम, आणि त्याचाही अ‍ॅलर्जीशी संबंध नाही. ‘आईला चालत नव्हतं म्हणून मलाही नको’ हे कारण तर चाचणीशिवायच निकालात काढता येतं. घरातल्या कुणाला अ‍ॅलर्जी होती, एवढ्यावरून रुग्णाला पेनिसिलिन नाकारायचं नसतं.

काय विचारायचं

निदानाचा मोठा भाग हकिगतीत असतो, आणि ती काढायला पाच ते दहा मिनिटं पुरतात. ‘कशाची अ‍ॅलर्जी आहे का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा ‘कोणत्या औषधाने कधी त्रास झालाय का, आणि तेव्हा नेमकं काय काय झालं?’ असं विचारावं आणि मग रुग्णाला बोलू द्यावं. लहानपणची घटना असेल तर आई-वडिलांना फोन लावायला सांगावं. पुष्कळदा उत्तर येतं की काही झालंच नव्हतं, डॉक्टरांनी फक्त ‘जपून’ म्हटलं होतं.

सगळ्यात मोलाची माहिती वेळेची. पहिल्याच डोसनंतर तासाभरात त्रास सुरू झाला, की सहाव्या दिवशी? तासाभरात, फार तर सहा तासांत झालेली प्रतिक्रिया आयजीईची असू शकते. दिवसांनी उमटलेली उशिराची प्रतिक्रिया टी-पेशींची (प्रतिकारयंत्रणेतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची) असते. तीत साधं पुरळही येतं आणि जिवावर बेतणारे त्वचारोगही येतात. म्हणून ‘कितवा डोस’ आणि ‘शेवटच्या डोसनंतर किती वेळाने’ हे दोन्ही वेगवेगळं विचारायचं.

मग कातडीविषयी. ‘पुरळ’ या शब्दात सगळंच येतं, म्हणून खोलात जावं लागतं. खाजणारे, फुगीर, जागा बदलणारे चट्टे होते का? गांधीचा एकेक चट्टा २४ तासांच्या आत मागे काहीही डाग न ठेवता विरतो आणि दुसरीकडे नवा उठतो. उशिराचं पुरळ एकाच जागी दिवसेंदिवस राहतं आणि जाताना कातडीची पापडी निघते. समोर पुरळ असलेला रुग्ण बसला असेल, तर एका चट्ट्याभोवती बॉलपेनने गोल काढावा, वेळ टिपावी, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी गोलात काय उरलंय ते पाहायला सांगावं. गोल रिकामा असेल तर ती गांध होती. हा उपाय फुकटचा आहे आणि निदान बऱ्याच अंशी इथेच होतं.

धोक्याच्या खुणा विचारल्याशिवाय पुढे जायचंच नाही. कातडी खाजण्याऐवजी दुखत होती का, फोड आले का, सालपट निघालं का? ओठ, तोंड, डोळे, जननेंद्रियं सोलवटली का? ताप, चेहऱ्यावर सूज, गाठी, रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढणं, यकृत किंवा मूत्रपिंड बिघडणं यातलं काही होतं का? स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम किंवा टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस (कातडी सोलवटणारे जिवावरचे प्रकार) साधारण ४ दिवस ते ४ आठवड्यांत सुरू होतो, ड्रेस (ताप, पुरळ, इओसिनोफिल वाढ आणि आतले अवयव बिघडण्याचा प्रकार) २ ते ८ आठवड्यांत. एजीईपी या बारीक पूफोडांच्या प्रकाराला मात्र एक-दोन दिवसही पुरतात. सांधे दुखणं, ताप आणि पुरळ असा सीरम सिकनेसचा प्रकार एक ते तीन आठवड्यांनी येतो. औषधामुळे रक्तपेशी फुटून झालेला पांडुरोगही याच यादीत. यातल्या कशाचीही शंका असेल, तर ना टेस्ट, ना पुन्हा डोस, ना डिसेन्सिटायझेशन (अगदी थोड्या डोसपासून वाढवत नेत औषध तात्पुरतं सोसवणं). तिथे लेबल पक्कं, आणि ते ठळक अक्षरांत.

एक प्रश्न हमखास राहून जातो: त्यानंतर कधी पेनिसिलिनच्या गटातलं काही घेतलं का? ‘नाही’ हे उत्तर जसंच्या तसं धरू नये. रुग्ण औषध ओळखतो ते पाकिटावरच्या नावाने. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटमध्ये पेनिसिलिन आहे हे त्याच्या गावीही नसतं. जुनी प्रिस्क्रिप्शन, डिस्चार्ज कार्ड, मोबाइलमधले गोळ्यांचे फोटो चाळावेत. प्रतिक्रियेनंतर अमॉक्सिसिलिनचा कोर्स त्रासाशिवाय पार पडल्याची खात्री पटली, तर लेबल त्याच क्षणी काढता येतं. उलट बाजू मात्र लक्षात ठेवावी. पेनिसिलिन-व्ही सोसलं म्हणून अमॉक्सिसिलिन सोसेलच असं नाही, कारण काहींची अ‍ॅलर्जी अमॉक्सिसिलिन-अ‍ॅम्पिसिलिनच्या रेणूच्या बाजूच्या साखळीशी असते, सगळ्या पेनिसिलिनमधल्या सामाईक गाभ्याशी नसते. काहींची तर केवळ क्लॅव्ह्युलॅनेटशी असते.

हकिगत हाती आली की तिला आकडा द्यायला पेन-फास्ट ही पद्धत उत्तम. २०२० साली प्रसिद्ध झालेली ही मोजणी प्रौढांसाठी आहे. प्रतिक्रिया ५ वर्षांच्या आतली असेल तर २ गुण. अ‍ॅनाफिलॅक्सिस, अँजिओएडिमा (ओठ, चेहरा, घसा यांची खोलवरची सूज) किंवा त्वचेची गंभीर प्रतिक्रिया असेल तर २ गुण. तेव्हा उपचार करावे लागले असतील तर १ गुण. बेरीज ० आली तर चाचणी पॉझिटिव्ह येण्याची शक्यता १ टक्क्याहून कमी, १ किंवा २ असेल तर सुमारे ५ टक्के, ३ ला २० टक्के, ४ किंवा ५ ला ५० टक्के. तीनपेक्षा कमी म्हणजे जोखीम कमी. ‘उपचार लागले का ते आठवत नाही’ असं रुग्ण म्हणाला, तर तो १ गुण धरायचा. त्वचेच्या गंभीर प्रतिक्रियेला इथे फक्त २ गुण दिसतात म्हणून फसू नये. बेरीज काहीही येवो, त्या रुग्णाला पुन्हा डोस द्यायचा नाही.

टेस्ट डोसबद्दल

इंजेक्शन भरलं, त्यातला थेंबभर हाताच्या कातडीत टोचला, पाच-दहा मिनिटांनी नजर टाकली आणि ‘ए.एस.टी. निगेटिव्ह’ (म्हणजे टोचून पाहिलं, काही आलं नाही) असं लिहून उरलेलं शिरेत सोडलं, ही पद्धत अनेक ठिकाणी अंगवळणी पडलेली आहे. ती त्वचाचाचणी नव्हे, आणि हे स्पष्ट सांगायलाच हवं. कातडीत टोचायच्या द्रावणाला ताकदीची मर्यादा असते. बेंझिलपेनिसिलिन मिलीला १०,००० युनिट, अ‍ॅम्पिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन मिलीला २० मिग्रॅ., याच्यावर गेलं की अ‍ॅलर्जी नसलेल्याची कातडीही चिडते. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची १ ग्रॅमची व्हायल १० मिलि. पाण्यात विरघळवली तर मिलीला १०० मिग्रॅ. होतात, चाचणीसाठी मान्य ताकद याच्या किमान पाचपट कमी आहे. त्यात इंजेक्शनचं साधं पाणीही कातडीत आग करतं आणि फुगवटा उठवतं. म्हणजे नसलेली अ‍ॅलर्जी अशी ‘सापडते’. दुसरीकडे, सोबत हिस्टामिनचा नियंत्रण-टोचा (हमखास फुगवटा उठवणारा, तुलनेसाठीचा) नसल्यामुळे रुग्णाने आदल्या दिवशी सेटिरिझिन ही अँटिहिस्टामिन (फुगवटा दाबणारी) गोळी घेतली असेल तर खरी अ‍ॅलर्जी दडून राहते. अशी चाचणी दोन्हीकडून फसवते. ज्याच्या हकिगतीत काहीच नाही, त्याला ही टोचणी करण्यात फायदा नाही. ज्याच्या हकिगतीत काही आहे, त्याला ही पुरेशी नाही.

खरी त्वचाचाचणी अशी होते. प्रतिक्रिया नुकतीच झाली असेल तर ४ ते ६ आठवडे थांबायचं, कारण लगेच केली तर प्रतिपिंडं खर्ची पडलेली असल्याने ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. अँटिहिस्टामिन निदान ३ दिवस, शक्यतो ७ दिवस आधी बंद. पेनिसिलिनचा रेणू इतका लहान आहे की एकट्या त्याच्यावर प्रतिकारयंत्रणा उठत नाही. त्यातलं बीटा-लॅक्टम कडं उघडून प्रथिनांच्या लायसिनला चिकटतं, आणि त्या पेनिसिलॉइल जोडीविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. म्हणून चाचणीत बेंझिलपेनिसिलॉइल पॉलिलायसिन, शिवाय इतर लहान घटकांसाठी बेंझिलपेनिसिलिन किंवा तयार मिश्रण, आणि ज्याच्यामुळे त्रास झाला ते औषध असं सगळं लागतं. बेंझिलपेनिसिलिनचं द्रावण त्याच दिवशी ताजं करायचं: १० लाख युनिटची व्हायल १० मिलि. सलाइनमध्ये, त्यातलं १ मिलि. घेऊन ९ मिलि. सलाइन घातलं की मिलीला १०,००० युनिट. अ‍ॅम्पिसिलिनची ५०० मिग्रॅ. व्हायल एकूण २५ मिलि.पर्यंत पातळ केली की मिलीला २० मिग्रॅ.

आधी प्रिक: कोपराखाली आतल्या बाजूला एकेक थेंब, त्यातून हलका टोचा, सोबत हिस्टामिन आणि सलाइन. १५ ते २० मिनिटांनी सलाइनपेक्षा ३ मिमी. किंवा जास्त फुगवटा आला तर पॉझिटिव्ह, आणि तिथेच थांबायचं. निगेटिव्ह असेल तरच कातडीत ०.०२ मिलि. टोचायचं, उठलेल्या बुडबुड्याची कडा पेनने आखायची आणि १५-२० मिनिटांनी तो ३ मिमी.ने वाढून भोवती लाली आली का ते पाहायचं. हिस्टामिनचा टोचा उठला नाही तर सगळी चाचणी बाद. तिचा निकाल ‘निगेटिव्ह’ असा लिहायचा नाही. जुनी हकिगत गंभीर असेल तर शंभर किंवा हजारपट पातळ द्रावणापासून सुरुवात करावी. एवढं सगळं निगेटिव्ह आलं तरी निकाल पुरा होत नाही; त्यानंतर तोंडावाटे डोस द्यावाच लागतो. रक्तातली पेनिसिलिन-आयजीई तपासणी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नये, ती बऱ्याच खऱ्या रुग्णांना चुकवते.

तोंडावाटे चाचणी

जोखीम कमी असेल तर त्वचाचाचणी मधून वगळता येते, आणि माझ्या मते या विषयातली गेल्या काही वर्षांतली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पॅलेस या चाचणीत पेन-फास्ट ३ पेक्षा कमी असलेल्या ३८२ प्रौढांची दोन गटांत विभागणी केली होती. एका गटाला थेट तोंडावाटे डोस, दुसऱ्याला आधी त्वचाचाचणी. दोन्ही गटांत प्रतिक्रिया आली ती प्रत्येकी एकालाच. मुलांत उशिरा आलेल्या साध्या पुरळाची हकिगत असेल, तर त्यांनाही त्वचाचाचणीशिवाय थेट डोस देण्याची पद्धत आता मान्य आहे.

तयारी साधी पण चोख हवी. दमा आटोक्यात नसेल, ताप किंवा अंगावर ताजं पुरळ असेल, अँटिहिस्टामिन चालू असेल तर त्या दिवशी करू नये. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, छातीचा आवाज आणि कातडी आधी तपासून लिहायची. असलेले डाग-चट्टे फोटोत घ्यायचे, नाहीतर तासाभराने ‘हा आधी होता का?’ यावर वाद होतो. मिलीला १ मिग्रॅ. ताकदीचं अ‍ॅड्रेनलिन सिरिंजसह टेबलावर. प्रौढाला ०.५ मिग्रॅ., मुलाला किलोमागे ०.०१ मिग्रॅ., मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, गरज पडली तर ५ मिनिटांनी पुन्हा. हा डोस खोलीतल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवा.

जोखीम अगदी कमी असेल तर अमॉक्सिसिलिन २५० किंवा ५०० मिग्रॅ. एकदम द्यायचं आणि ६० मिनिटं बसवून ठेवायचं. मनात किंतु असेल तर दोन टप्पे: आधी दहावा हिस्सा, ३० मिनिटं वाट, मग पूर्ण डोस आणि ६० मिनिटं. दहावा हिस्सा काढायला कॅप्सूल फोडत बसू नये. ५ मिलीत २५० मिग्रॅ. असलेल्या सिरपचा १ मिलि. म्हणजे बरोबर ५० मिग्रॅ. बाटली आधी खळखळून हलवायची, कारण औषध तळाशी बसतं.

गोंधळ उडतो तो मधल्या तक्रारींनी. घशात कसंसंच होतंय, धडधडतंय, हात खाजतोय, पण डोळ्यांना काही दिसत नाही. अशा वेळी चाचणी लगेच पॉझिटिव्ह म्हणायची नाही आणि रुग्णाला गप्पही बसवायचं नाही. नाडी-रक्तदाब घ्यायचा, छाती ऐकायची, पाठीवरचा कपडा उचलून बघायचं, आणि १५ मिनिटांनी पुन्हा. दिसणारी, मोजता येणारी खूण आली तरच पॉझिटिव्ह. घाबरणारा रुग्ण असेल तर पहिला डोस औषध नसलेला द्यावा, मात्र त्याची कल्पना आधीच देऊन संमती घेतलेली हवी. घरी गेल्यावर दोन-तीन दिवसांनीही साधं पुरळ येऊ शकतं. ते आलं तर फोटो काढून कळवा, हे लिहून हातात द्यावं.

सेफॅलोस्पोरिनच्या (पेनिसिलिनच्या भावंडांपैकी एका गटाच्या) बाबतीत ‘१० टक्क्यांना चालत नाही’ हा आकडा अजून ऐकू येतो. तो सुरुवातीच्या काळातला आहे, जेव्हा त्या औषधांत पेनिसिलिनचे अंश मिसळलेले असायचे. खरं प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास, आणि तेही मुख्यतः बाजूची साखळी सारखी असेल तेव्हा. अ‍ॅम्पिसिलिन-अमॉक्सिसिलिनशी सेफॅलेक्सिन, सेफाक्लोर, सेफॅड्रॉक्सिल जुळतात. सेफाझोलिनची साखळी वेगळीच आहे, कुणाशी जुळत नाही. कार्बापेनेम या दुसऱ्या भावंड-गटात धोका १ टक्क्याहून कमी.

अ‍ॅलर्जी खरी असूनही पेनिसिलिनच हवं, असा ठळक प्रसंग म्हणजे गरोदरपणातला सिफिलिस. तिथे डिसेन्सिटायझेशन करतात: पेनिसिलिन-व्हीचे १४ डोस, पहिला १०० युनिटचा, मग दर १५ मिनिटांनी जवळपास दुप्पट, पावणेचार तासांत एकूण सुमारे १३ लाख युनिट. याने अ‍ॅलर्जी जात नाही. डोसांत खंड पडला की शरीर मूळपदावर येतं, म्हणून ‘पेनिसिलिन सोसलं’ असं लिहून लेबल काढणं इथे जिवावर बेतू शकतं. ‘डिसेन्सिटाइझ करून दिलं, अ‍ॅलर्जी कायम’ हेच शब्द हवेत.

कागदावर काय यावं

सगळ्यात चांगली हकिगत प्रतिक्रिया झाली त्याच दिवशी लिहिलेली. वीस वर्षांनी ती खणून काढण्यापेक्षा तेव्हाची पाच मिनिटं स्वस्त पडतात. नमुना असा:

‘अमॉक्सिसिलिन कॅप्सूल ५०० मिग्रॅ., तोंडाने, दाढेच्या संसर्गासाठी. पहिला डोस सकाळी ९.०० वा. ९.२५ला तळहातांना खाज, ९.३५ला छाती-पोटावर गांधी, वरचा ओठ सुजला, आवाज बसला. रक्तदाब ८४/५०, नाडी १२८, ऑक्सिजन ९१ टक्के, दोन्ही बाजूंना घरघर. अ‍ॅड्रेनलिन ०.५ मिग्रॅ. स्नायूत ९.४०ला, पुन्हा ९.४६ला. १०.१५ला रक्तदाब ११०/७०. आयबुप्रोफेन ४०० मिग्रॅ. ८.३०ला घेतली होती. पूर्वी अनेकदा घेतली, त्रास नाही. ट्रिप्टेज १०.५०ला घेतलं. चाचणी होईपर्यंत टाळा: सर्व पेनिसिलिन, सेफॅलेक्सिन, सेफॅड्रॉक्सिल, सेफाक्लोर. गरज पडल्यास सेफाझोलिन देता येईल.’

यातली आयबुप्रोफेनची ओळ बहुतेक जण गाळतात. तीच गाळली की सगळा दोष पेनिसिलिनवर कायमचा बसतो, कारण दुखण्याच्या गोळ्यांनीही गांधी उठतात. ट्रिप्टेजचं (खऱ्या प्रतिक्रियेत पेशींतून रक्तात सुटणाऱ्या विकराचं) रक्त प्रतिक्रियेनंतर एक-दोन तासांत घ्यावं, चार तासांच्या पुढे नको, आणि दुसरा नमुना २४ तास उलटल्यावर घ्यावा. दोन्ही मिळून अर्थ लागतो: दुसऱ्या नमुन्याच्या १.२ पटीत २ मिळवायचे, पहिला त्याहून जास्त असेल तर वाढ खरी. मूळची पातळी ५ असेल तर मर्यादा ८ होते. म्हणजे ९ आलेला रिपोर्ट लॅबच्या ‘नॉर्मल’ पट्ट्यात बसत असला तरी तो पॉझिटिव्ह आहे. रक्त कधी घेतलं ती वेळ ट्यूबवर आणि कागदावर नसेल तर हे गणितच करता येत नाही.

शब्द जपून वापरावेत. ‘पेनिसिलिन गट’ न लिहिता औषधाचं पूर्ण नाव लिहावं, आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट असेल तर दोन्ही नावं. जुलाब किंवा मळमळ ‘सोसत नाही’ या रकान्यात जावी, अ‍ॅलर्जीच्या नाही. ‘अ‍ॅलर्जी नाही’ आणि ‘अजून विचारलेलं नाही’ यांत फरक आहे. रिकामी सोडलेली जागा या दोन्हींपैकी काहीच सांगत नाही. हकिगत कुणी सांगितली, रुग्णाने, आईने की जुन्या कागदाने, आणि निदान नुसतं संशयित आहे की चाचणीने पक्कं, हेही नोंदवावं. संगणकावर मोकळ्या मजकुरात टंकलेली अ‍ॅलर्जी प्रिस्क्रिप्शन लिहिताना सहसा इशारा देत नाही, म्हणून ती यादीतून निवडूनच भरायची. पण नुसता कोड टाकून थांबायचंही नाही; आयसीडी-१० मधला झेड ८८.० एवढंच सांगतो की पेनिसिलिनच्या अ‍ॅलर्जीचा पूर्वेतिहास आहे, त्यात काय घडलं ते कळत नाही.

लेबल काढताना नोंद पुसून टाकू नये. पुसली की पुढच्या दवाखान्यात रुग्ण सवयीने ‘मला पेनिसिलिन चालत नाही’ म्हणतो आणि लेबल परत येतं. नोंद ‘खंडित’ (तपासणीने खोटी ठरलेली) अशी बंद करायची आणि सोबत लिहायचं: कोणत्या तारखेला, अमॉक्सिसिलिन किती मिग्रॅ., किती टप्प्यांत, किती वेळ देखरेख, काय आढळलं, कुणी केली. ‘चुकून नोंदवली’ हा पर्याय वेगळा, तो दुसऱ्याच रुग्णाची अ‍ॅलर्जी याच्या नावावर पडली असेल तेव्हाचा. हेच पत्र रुग्णाच्या हातात, त्याच्या नेहमीच्या डॉक्टरकडे आणि औषधाच्या दुकानात जायला हवं. मनगटातली पट्टी, पाकिटातलं कार्ड, मोबाइलमधली आरोग्यनोंद त्याच वेळी बदलून घ्यावी, आणि घरच्या एका माणसाला समोर बसवून सांगावं, कारण रुग्ण बेशुद्ध असताना ‘अ‍ॅलर्जी आहे’ हे तेच सांगणार असतात.

पाचव्या दिवसाच्या सुमारास एक फोन करावा, पुरळ आलं का ते विचारावं आणि उत्तर तारखेसह त्याच नोंदीखाली उतरवावं. त्या फोनवर लोक हटकून विचारतात की आता दर वेळी आधी टेस्ट करायची का. तोंडावाटे घेण्याच्या औषधासाठी नाही. पुन्हा अ‍ॅलर्जी जडण्याचं प्रमाण इतकं कमी आहे की पुढच्या कोर्सआधी चाचणी लागत नाही. पूर्वीची प्रतिक्रिया गंभीर असेल आणि आता पेनिसिलिन शिरेतून मिळालं असेल, तर मात्र पुढच्या वेळेआधी पुन्हा तपासावं, आणि तसं पत्रातच लिहून द्यावं.